ओढ्याच्या अलीकडची शाळा

ओढ्याच्या अलीकडे शाळा होती, पलीकडे नव्हती.

हे दहा वर्षांच्या दुर्वानं शोधून काढलं. ओढा म्हणायचा इतकंच. मार्गशीर्ष लागेस्तोवर त्याची पाण्याची एक बारीक रेघ उरली होती, काल जन्मलेलं कोकरूसुद्धा ओलांडेल अशी. पण अलीकडच्या काठावर परात मांडली की टॅबवर कुलथे मॅडम यायच्या, पाचवीचा वर्ग भरायचा, कुणीतरी पाढा म्हणत असायचं. तीच परात उचलून दुर्वा पाच ढांगा पलीकडे गेली की पाढा मध्येच अडकायचा, मॅडमचा हात हवेत तसाच राहायचा आणि लाल अक्षरं उमटायची : 'हे आपले घर नाही.'

"आई, बघ ना," दुर्वा पलीकडून ओरडली. "तिथं घर हाय. इथं नाय."

झुंबर चऱ्हाटाची गाठ सोडवत होती. "पाण्यात उभी राहा बघू."

दुर्वा परात डोक्यावर धरून पाण्यात उभी राहिली. अक्षरं लाल झाली, गेली, पुन्हा लाल झाली.

"परातीलाच कळंना," झुंबर म्हणाली, आणि मायलेकी खळखळून हसल्या. हसू फार टिकलं नाही. मेंढरांचा रस्ता ओढ्याच्या पलीकडूनच होता.

परात म्हणजे उपग्रहाचं इंटरनेट धरणारी पांढरी तबकडी. नाव झुंबरनंच ठेवलेलं. पाच बिऱ्हाडं, चारशे मेंढरं, तीन घोड्या असा हा धनगरांचा वाडा. मेंढपाळांच्या फिरत्या वस्तीला वाडाच म्हणतात. भिंत एक नसते, पण शब्द ऐसपैस असतो. दिवाळी झाली की पारनेरकडचा माळ सोडायचा, घाट उतरायचा, कोकणातल्या कापलेल्या भातखाचरांत मेंढरं चारायची आणि पावसाच्या आधी माघारी यायचं. घोडीच्या पाठीवर सगळा संसार : भांडी, वाकळा, पाय बांधलेल्या कोंबड्या, वाटेत जन्मलेली कोकरं. यंदा त्यात परात, तिची बॅटरी आणि घडीचं सोलर. ओझं लादताना झुंबर नेहमीसारखं गुणगुणली होती :

*चाल चाल घोडीबाई, पाठीवर माझं घर,*
*उतरलं तिथं गाव, उठलं की माळावर.*

ही गोष्ट २०३५ सालची. डोंगरातले मोबाईलचे टॉवर तोवर उतरवले होते. चार घरांसाठी एवढा मोठा खांब कोण राखणार? त्यापेक्षा घरागणिक एक तबकडी द्यावी आणि आभाळातून थेट इंटरनेट सोडावं, असं ठरलं. घरांचं भलं झालं. वाटेवरच्या माणसाकडे मात्र चार शब्दांचा निरोप जाईल एवढाच बारीक धागा राहिला. त्या धाग्यातून 'पोचलो' एवढं कळवता येई, वर्ग काही भरवता येत नसे.

तरीही झुंबरला ही परात म्हणजे देवानं दिलेलं दान वाटलं होतं. फिरत्या लेकरांना नेटवरून शाळेत बसायची परवानगी नव्यानं मिळाली होती, आणि म्हणून दुर्वा यंदा पहिल्यांदाच वाड्याबरोबर निघाली होती. नाहीतर वाड्याची पोरं गावाकडे म्हाताऱ्यांजवळ ठेवायची, हाच रिवाज. बाकीच्या चार बिऱ्हाडांनी याही वर्षी तेच केलं होतं.

घोळ झाला तो पत्त्याचा. उन्हाळ्यात अर्ज भरायला माणूस आला, तेव्हा त्यानं झुंबरच्या नवऱ्याला, संभूला विचारलं, "घर कुठं?" संभूनं क्षणभर विचार केला. गावातलं घर वर्षातले आठ महिने कुलपात. त्याला घर कसं म्हणावं? घाटमाथ्यावर बिरोबाचा टेक आहे. जाताना येताना सगळे वाडे तिथं थांबतात. धनगराला कुणाचं पत्र आलं, निरोप आला, सोयरीक आली, तर तिथल्या पुजाऱ्याकडे ठेवतात. माणूस हमखास सापडायची ती एकच जागा. म्हणून त्यानं सरळ मनानं सांगितलं, "लिहा, बिरोबाचा टेक." अर्ज भरणाऱ्यानं लिहिलं. आणि घर देवाच्या टेकाला चिकटलं ते चिकटलंच.

"पण आभाळ तर सगळीकडं हाय," झुंबर दुर्वाला म्हणाली. "मग पलीकडं काय बिघडतंय?"

दुर्वानं मॅडमना विचारून ठेवलंच होतं. तिनं काठीनं मातीत एक षट्कोन काढला, त्याला चिकटून दुसरा, तिसरा. मधाच्या पोळ्यासारखी नक्षी झाली.

"वर साडेपाचशे किलोमीटरवर उपग्रह पळत्यात. हजारोंनी. एक उगवतो, पाच-सात मिनिटांत मावळतो, तोवर परात दुसऱ्याला धरते. जागची न हलता. ते वरून जमिनीवर बॅटरीवाणी झोत टाकत्यात. एक झोत, एक घर." तिनं एका षट्कोनात काठी टोचली. "एवढं घर म्हंजी वीस-बावीस किलोमीटर. त्या झोतात ठरावीकच नेट मावतं. मग ते आधीच वाटून टाकत्यात, ह्या घरातल्या ह्या पराती. बाहेरची परात आली, की तिला म्हणत्यात, तुझा वाटा तिकडं."

झुंबर मातीतल्या नक्षीकडे बघत राहिली. तिला ते एकदम कळलं. रानात जेवढा चारा, तेवढीच मेंढरं. दुसऱ्या वाड्याच्या रानात आपण घुसत नाही. आभाळवाल्यांनीही रानं वाटून घेतली होती. फक्त चालणाऱ्या माणसाचं रान कोणतं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

संभूनं ओढ्याच्या अलीकडे बसून मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडून यंत्राचा गोड आवाज आला.

"नमस्कार. आपण आपले घर हलवले आहे का?"

"हलवलं नाय. हलतंय."

"समजले नाही. कृपया घराचा नवीन पत्ता सांगा."

"आजचा सांगू का उद्याचा?"

"समजले नाही. पत्ता नव्वद दिवसांतून एकदा बदलता येतो."

"बाई, नव्वद दिवसांत माझी मेंढरं तीन तालुके खात्यात!"

"आपला अभिप्राय मोलाचा आहे," आवाज म्हणाला आणि गेला. संभूनं टॅबकडे असं बघितलं, जसं तो चुकार बोकडाकडे बघायचा.

कुलथे मॅडमनी दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर झुंबरला थांबवून घेतलं. चांगली बाई. दुर्वाच्या मागे मेंढरू ओरडलं, तर त्याचीही हजेरी घ्यायची. पण आज त्या हसल्या नाहीत.

"ताई, नियम माझा नाही. सलग दहा दिवस मुलगी वर्गात दिसली नाही, की दहाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तिचं नाव आपोआप निवासी शाळेत जातं. मग गाडी येते. मी म्हटलं तरी थांबत नाही ते."

"कुठं हाय ती शाळा?"

"जिल्ह्याला."

"आन भेटायचं कवा?"

मॅडमनी समोरचा हजेरीचा कागद उगाचच सरळ केला.

मग वाडा ओढ्याच्या अलीकडेच फिरू लागला. संभूनं हातापाया पडून वाड्याचे कारभारी येसूतात्या यांना राजी केलं होतं. तात्या सत्तरीचे, काडीसारखे वाळलेले. कुठल्या रानात कधी जायचं, कुठल्या शेतकऱ्याशी काय ठरवायचं, हे सगळं त्यांच्या शब्दावर. टेकाच्या पूर्वेला दोन दिवस, दक्षिणेला तीन, पुन्हा पूर्वेला. सकाळी दुर्वाची शाळा भरायची आणि चारशे मेंढरं कालचीच खुंटं आज पुन्हा हुंगायची. बाराव्या दिवशी दुधाच्या मेंढ्या आटायला लागल्या. पंधराव्या दिवशी झुंबरनं एका कोकराला स्वतःच्या बोटानं शेळीचं दूध चाटवलं. ते बोट चोखत होतं, पण मान उचलत नव्हतं.

तात्या येऊन बाजूला बसले. कोकराच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला, हाडं मोजल्यासारखा.

"झुंबर, उद्या हलायचं."

"तात्या, अजून चार दिवस..."

"चार दिवसांनी काय व्हणार हाय? गवात उगवणार हाय का आभाळ सरकणार हाय? पोरीला शिकव, मी नको म्हणत नाय. पण एका लेकराच्या शाळंपायी चारशे लेकरं उपाशी ठिवू का मी?"

झुंबरच्या मांडीवर त्या चारशेतलंच एक होतं.

"आपुन दोघं मागं राहू," ती संभूला म्हणाली. "आपली ऐंशी मेंढरं घेऊन."

"एकटं बिऱ्हाड रानात? लांडगं काय सोयरं हायेत आपलं?" संभू खाली बघत बोलला. "जाऊ दे तिला शाळंत. कॉट मिळंल, ताट मिळंल. पोरगी साहेबीण व्हईल."

"व्हऊ दे की. माझ्यासंगं राहून व्हऊ दे."

"हट्ट करतीस तू."

"हां, करते."

ती उठून ओढ्यावर गेली. झुंबर स्वतः सहा वर्षांची होती तेव्हा आईबापांनी तिला मावशीकडे ठेवलं होतं. मावशी मायाळू होती, कशाला कमी पडू दिलं नाही. आठ महिन्यांनी वाडा माघारी आला आणि अंगणात एक उन्हानं रापलेली बाई हात पसरून उभी राहिली. झुंबर मावशीच्या पदराआड लपली. ती बाई तशीच उभी राहिली, हात पसरून, बराच वेळ. ते हात झुंबर अजून विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वाड्यानं ओढा ओलांडला.

पहिला दिवस घाटाच्या तोंडाशी गेला. दुसरा, तिसरा, चौथा घाट उतरण्यात. घोडीचे पाय घसरत होते आणि कोंबड्या उलट्या लटकून जगाला शिव्या देत होत्या. दुर्वा वही काढून चालता चालता पाढे म्हणायची. मॅडम विचारणार नव्हत्या, तरी म्हणायची. पाचवा आणि सहावा दिवस जंगलात गेला. सातव्या दिवशी खाचरं दिसली, पण उशीर झाला होता. दुसऱ्या वाड्यांनी आधीच मुक्काम टाकले होते. आठव्या दिवशी दुपारी येसूतात्यांना एका गावात जागा मिळाली.

जागा गुलाब भोईर यांच्या शेतात. रिवाज जुना आणि दोन्हीकडच्या सोयीचा : मेंढरं रात्रभर खाचरात बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी जमीन पोसायची आणि बदल्यात शेतकऱ्यानं तांदूळ द्यायचे. तात्या आणि गुलाबबाईंचं तीन मुक्कामांचं बोलणं ठरलं. वाड्यातर्फे बोलणं पुरुषांनीच करायचं, हाही रिवाज. झुंबर चुलीसाठी दगड शोधत होती. मान वर केली आणि तिला घराच्या कौलावर पांढरी परात दिसली. शेजारच्या घरावर दुसरी. पलीकडे तिसरी. सगळं गाव ताटं मांडून बसलेलं, आणि आपलं लेकरू पंगतीबाहेर.

हातातला दगड तिथंच ठेवून ती सरळ ओटीवर गेली.

गुलाबबाई पन्नाशीच्या, ठसठशीत, वाल सोलत बसलेल्या. "काय गो बाय? पाणी पायजे?"

"पाणी नको, काकी. तुमच्या परातीतलं रोज सकाळचं दोन तास पायजेत. माझी पोरगी हितं ओटीवर कडंला बसंल. आमच्या वाट्याचे तांदूळ नका देऊ."

गुलाबबाईंचा हात थांबला. "मना नीट सांग."

झुंबरनं सांगितलं. ओढा, षट्कोन, लाल अक्षरं, दहा दिवस, गाडी. सांगताना ती उभीच होती. गुलाबबाईंनी वालाची टोपली बाजूला सारली आणि तिला बस म्हणून खूण केली.

"नेट तर दिवसभर लोलतंय तसंच. पोरगा आन सून कामावर, नातू शालेत. पण एक खोट हाय त्याच्यात. घरातल्या मानसांनाच धरतंय ते. गाव एकाच तबकडीवर चालवू नये म्हनून पाच नावांची यादी केलीय. पाचच्या वर एकबी नाय." त्यांनी मोबाईल काढून दाखवला. "मी, पोरगा, सून, नातू. आन हे."

पाचवं नाव त्यांच्या नवऱ्याचं होतं. पावसाळ्यात ते गेले होते. नाव काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं, की सुचूनही कुणी काढलं नव्हतं.

झुंबर चटकन उठली. "नको काकी. ऱ्हाऊ द्या. मी दुसरीकडं बघते."

"बस खाली." गुलाबबाईंचं बोट त्या नावावर थबकलं होतं. ओटीच्या भिंतीवर एका हसऱ्या, टक्कल पडलेल्या माणसाचा फोटो होता. त्या फोटोकडे बघत त्या अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "ओटीवर कोन आला, तर तुमी नेहमी सरकून बसायचात ना? मंग सरका जरासं. पोरीला जागा द्या."

आणि बोट टेकवलं.

नाव गेलं. रिकाम्या जागेत 'दुर्वा' लिहिलं गेलं. यंत्रानं विचारलं : घरातील नाते? खाली यादी होती. मुलगी, सून, नात, भाची. गुलाबबाई डोळे पुसत हसल्या. "भाची लिवतंय. म्हंजी तू माजी बहीन झालीस. आता काकी म्हनू नको मना."

नोंद चालू व्हायला चोवीस तास लागणार होते. म्हणजे उद्याचा नववा दिवसही वाया, हातात उरला फक्त दहावा.

वाड्यावर मात्र जाळ झाला. तात्यांनी फेटा काढून मांडीवर आपटला. "बाईमाणसानं मेंढरं बसवायचं बोलणं कवा केलंय? आन मेंढरं पाच बिऱ्हाडांची! तांदूळ तुझ्या एकटीच्या पोरीच्या शाळंत घालतीस व्हय?"

"पाचांचं नाय, तात्या. आमच्या ऐंशी मेंढरांचं तेवढं सोडलं. तुमच्या वाट्याला मी हात लावला नाय."

"मग खाणार काय तुमी?"

"दूध हाय. पाला हाय. कमी खाऊ."

"संभ्या, ऐकतोस का? तुझी बायको तुला उपाशी ठिवणार हाय!"

संभू शांतपणे मेंढरांचं जाळं ठोकत होता. वाटेत आठ दिवस त्यानं पोरीचे पाढे ऐकले होते, कुणी न विचारता म्हटलेले. त्यानं शेवटची मेख मारली आणि म्हणाला, "तात्या, मी तसाबी लई खातो."

शेजारच्या बिऱ्हाडातली ठकू हसली. मग तिचं हसू मावळलं आणि ती झुंबरकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागली. ठकूचा सात वर्षांचा पोरगा गावाकडे होता.

दहाव्या दिवशी सकाळी दुर्वा केसांना तेल लावून, वही घेऊन ओटीवर बसली. गुलाबबाईंनी तिला पाट दिला. टॅब लावला. काहीच झालं नाही. परातीवरचा दिवा विझलेला.

"अरे देवा," गुलाबबाई म्हणाल्या. "डीपी उडाली वाटतं."

सगळ्या गावाची वीज गेली होती. टॉवर होते तेव्हा वीज गेली तरी फोन काही तास तरी तग धरायचा. आता प्रत्येक घराची परात प्रत्येक घराच्या विजेवर. तिला एखाद्या मोठ्या दिव्याइतकी वीज सतत लागते, आणि वीज गेली की घराचं आभाळही जातं. वायरमन संध्याकाळी येईल, असं कुणीतरी सांगितलं. संध्याकाळ म्हणजे पाचच्या पुढची.

दुर्वानं वही मिटली आणि पाटाची कड नखानं खरवडत राहिली.

झुंबर ओटीवरून उतरली ती पळतच. मुक्कामावर संभू घोडीला पाणी दाखवत होता. "सोलर! सोलर काढ!" परात देवाच्या टेकाला बांधलेली असली, तरी सूर्यावर कुणी षट्कोन आखले नव्हते. दोघांनी घडीचं सोलर आणि बॅटरी उचलली आणि बांधावरून पळाले. पुढे झुंबर, मागे डोक्यावर बॅटरी घेतलेला संभू, त्याच्या मागे काय चाललंय ते बघायला दोन करडं.

गुलाबबाईंच्या कौलावरची परात आणि घोडीच्या पाठीवरून घाट उतरलेलं सोलर यांची वायर जुळायला तास गेला. एका टोकाला चौकोनी पिन, दुसऱ्याला गोल. शेवटी संभूनं दोन्ही तारा सोलून चिकटपट्टीनं बांधल्या, लंगड्या मेंढीचा पाय बांधावा तशा. दिवा लागला. हिरवा. परातीनं आभाळात इकडेतिकडे चाचपलं, कुठलातरी पळता उपग्रह तिला सापडला आणि टॅबमधून गलका आला.

"दुर्वा? दुर्वा, तू कुठे आहेस?" कुलथे मॅडम ओरडल्याच. "हे कुणाचं घर?"

दुर्वानं मागे वळून गुलाबबाईंकडे बघितलं.

"मावशीचं," ती म्हणाली.

पावणेबारा वाजले होते. झुंबर ओटीच्या पायरीवर बसली आणि तिनं पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. गुलाबबाईंनी कुणाला न विचारता तिच्यापुढे गरम भाकरी आणि वालाचं कालवण ठेवलं. "वाट्याचे तांदूळ सोडलेस तू. जेवन सोडलेस का?"

तिसरा मुक्काम उठायच्या दिवशी गुलाबबाईंनी विचारलं, पुढे कुठे. तात्यांनी गावाचं नाव सांगितलं. या गावाच्या षट्कोनाच्या बाहेरचं. गुलाबबाईंनी तिथल्याच तिथे आपल्या नणंदेला फोन लावला आणि बराच वेळ आगरी बोलीतून भांडल्यासारखं प्रेमानं बोलल्या. "माजी भाची येतंय. यादीत जागा कर. तुजा पोरगा तसाबी रात्रीच घरी येतंय." नणंदेच्या पुढे नणंदेची जाऊ होती, तिच्या पुढे तिची विहीण. फाल्गुनापर्यंत दुर्वाला सहा मावश्या झाल्या. सगळीकडे सगळं सुरळीत झालं नाही. एका गावात अवकाळी पावसानं आभाळ भरून आलं आणि ढगांच्या दाटीत सिग्नल तीन दिवस बुडाला. आभाळातून येणारी ती बारीक लाट पाण्याच्या थेंबांत जिरून जाते, त्याला कुणाचा इलाज नाही. एका घरी ओटीवर बसू दिलं, पण सुनेनं तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी दुर्वानं तिच्या पोराचं गणित सोडवून दिलं, मग तोंड सरळ झालं. झुंबर कधी तांदूळ सोडायची, कधी सोडू दिलेच जायचे नाहीत. ओझं लादताना ओवीला नवी ओळ फुटली होती :

*एक माझी लेक, तिच्या मावश्या गावोगाव,*
*पुसा कुण्या ओटीवर, सांगतील तिचं नाव.*

कुलथे मॅडमनी हे सगळं लिहून वरती पाठवलं. फिरत्या बिऱ्हाडाची परातही फिरती धरा, एवढीच मागणी. उत्तर आलं की मागणी विचाराधीन आहे. मॅडम म्हणाल्या, विचार चालू आहे म्हणजे नाही म्हटलेलं नाही. मी पुन्हा लिहीन. आणि त्या खरंच पुन्हा लिहीत राहिल्या.

पुढल्या वर्षी दिवाळी झाली. वाडा निघाला. घाट उतरून येसूतात्या रिवाजाप्रमाणे एकटेच पुढे गेले, जागा बघायला. एका अनोळखी गावात एक शेतकरी बांधावर उभा होता. तात्यांनी रामराम केला, खाचर नजरेनं मोजलं, पाणी कुठं आहे ते बघितलं आणि मग हात कपाळावर धरून त्याच्या घराच्या कौलाकडे पाहिलं.

"किती मेंढरं, बाबा?" शेतकऱ्यानं विचारलं.

"चारशे मेंढरं," तात्या म्हणाले. "आन सात लेकरं."

"लेकरं? लेकरं कशापायी?"

तात्यांनी फेटा नीट केला, बांधावर बैठक मारली आणि घासाघीस करताना काढायचे त्या ठेवणीतल्या आवाजात विचारलं :

"पाव्हणं, ओटी केवढी हाय तुमची?"